सिकलसेल सोल्युबिलिटी किट: प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी कसा?

२ मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, ५ मिनिटं थांबा, नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरा. रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं हिमोग्लोबिन आहे. गावातल्या शिबिराला एवढं पुरतं. पण वाहक की रुग्ण, हे हा किट सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या) लागतंच.

खरी गोम द्रावणातल्या डायथायोनाइट या रसायनाची. विदर्भातल्या मे महिन्यात लाइन गेली, फ्रीज बंद पडला, की तयार द्रावणाचा जोर ओसरतो आणि पॉझिटिव्ह नमुनाही निगेटिव्ह दिसतो. म्हणून रोज आधी ओळखीचा पॉझिटिव्ह नमुना लावून बघा. द्रावण फ्रीजमधून काढून लगेच वापरू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सहा महिन्यांखालचं बाळ, हिमोग्लोबिन फार कमी किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तर निगेटिव्हवर विसंबू नका. स्वस्त आहे, चाळणीसाठी चांगला. तपासलेल्या माणसाच्या आरोग्य कार्डावर ‘रुग्ण’ लिहायला मात्र नाही.