छातीचा पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ: कोणाचं कोणाशी जमतं?

नाडी मोजणारा छातीचा पट्टा घ्यायचा ठरला की बहुतेकांचा पहिला प्रश्न अचूकतेचा असतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या पट्ट्यांत त्या बाबतीत आता फारसा फरक उरलेला नाही. सगळेच हृदयाचे विद्युत संकेत त्वचेवरून टिपतात, आणि इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू) करताना किंवा वजनं उचलताना मनगटावरच्या प्रकाश-सेन्सरपेक्षा कितीतरी भरवशाचे ठरतात. पैसे वाया जातात ते दुसऱ्याच कारणाने. पट्टा चांगला, घड्याळही चांगलं, पण दोघांची भाषा जुळत नाही. किंवा भाषा जुळते, पण ज्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजले तीच घड्याळापर्यंत पोचत नाही. म्हणून निवडीची सुरुवात हातात असलेल्या घड्याळापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

घड्याळाला काय ऐकू येतं?

पट्टे दोन पद्धतींनी बोलतात: ब्लूटूथ आणि अँट प्लस. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, पण स्वभाव वेगळा. अँट प्लस रेडिओ केंद्रासारखं आहे. पट्टा बोलत राहतो आणि आसपासची कितीही यंत्रं ते एकाच वेळी ऐकू शकतात. ब्लूटूथमध्ये प्रत्येक यंत्राशी स्वतंत्र जोडणी लागते आणि अशा जोडण्यांची संख्या पट्ट्यागणिक ठरलेली असते.

पोलार, कोरोस, सुंटो आणि अ‍ॅपल यांची सध्याची घड्याळं फक्त ब्लूटूथ पट्टा घेतात. सुंटोची जुनी अँबिट आणि अँबिट २ अँट प्लसवर होती, अँबिट ३ पासून ते बदललं. गार्मिनचं उलट. तिथे अँट प्लस पहिल्यापासून आहे आणि २०१७ च्या फेनिक्स ५ आणि फोररनर ९३५ पासून पुढे अनेक मॉडेलांत ब्लूटूथ पट्टेही चालू लागले. फोररनर २३५ सारखं जुनं घड्याळ मात्र फक्त अँट प्लस ओळखतं. त्याच्यासमोर निव्वळ ब्लूटूथचा पट्टा कितीही वेळ धरा, यादीत नाव येणार नाही.

यातून सरळ निघतं की आज नवा पट्टा घेताना दोन्ही भाषा बोलणाराच घ्यावा. अँट प्लसचा प्रमाणन कार्यक्रम, म्हणजे उपकरणांना मान्यता देण्याचं काम, ३० जून २०२५ ला थांबला आहे. असलेली उपकरणं त्यामुळे बंद पडत नाहीत, पण फक्त अँट प्लस असलेला पट्टा नव्याने घेण्यात अर्थ नाही.

चार पट्टे शेजारी ठेवून

पोलार एच१०, पोलार एच९, गार्मिन एचआरएम-ड्युअल आणि वाहू टिकर हे चारही दोन्ही पद्धतींनी बोलतात. नाडीचा आकडा वरच्या कुठल्याही घड्याळाला चौघांकडूनही मिळतो. गार्मिनच्या घड्याळावर पोलारचा पट्टा, पोलारच्या घड्याळावर गार्मिनचा पट्टा, सगळं चालतं. कंपनी वेगळी म्हणून घाबरायचं कारण नाही.

फरक पडतो ब्लूटूथच्या जोडण्यांत. एच९ एका वेळी एकच जोडणी देतो, एच१० आणि एचआरएम-ड्युअल दोन, तर टिकरची २०२० मधली दुसरी पिढी तीन. कागदावर हे किरकोळ दिसतं, पण घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, सायकल चालवणाऱ्याला विचारा. समोरच्या पडद्यावरच्या अ‍ॅपला नाडी हवी, मनगटावरच्या कोरोसलाही हवी. एच९ असेल तर जो आधी जोडला गेला त्याला मिळते, दुसरा शोधतच बसतो. घड्याळ गार्मिनचं असेल तर तोच एच९ पुरतो, कारण घड्याळ अँट प्लसवर ऐकतं आणि ब्लूटूथ अ‍ॅपसाठी मोकळं राहतं. म्हणजे पट्टा तोच, पण घड्याळ बदललं की त्याची किंमत बदलते. एच१० ला दोन ब्लूटूथ जोडण्या चालू आहेत का आणि अँट प्लस चालू आहे का, हे पोलारच्या अ‍ॅपमध्ये एकदा तपासून घ्यावं.

नाडी पोचते, बाकीचं अडतं

‘सुसंगत’ या शब्दाने सर्वांत जास्त फसगत इथे होते. गार्मिनच्या एचआरएम-प्रो मालिकेतले पट्टे नाडीशिवाय धावण्याची ढबही मोजतात: शरीर किती वरखाली होतं, पाय जमिनीवर किती वेळ टेकतो, डाव्या-उजव्या पायात तोल किती. ही माहिती गार्मिनच्या घड्याळासाठी आहे. कोरोस किंवा पोलारच्या घड्याळाशी तोच पट्टा जोडला की तो साध्या पट्ट्यासारखा फक्त नाडी देतो. एचआरएम-ड्युअल आणि एच१० हे आकडे गार्मिनलाही देत नाहीत. शिवाय गार्मिनच्या अलीकडच्या बऱ्याच घड्याळांत यांतले बरेचसे आकडे मनगटावरूनच येतात. डाव्या-उजव्या पायाचा तोल तेवढा अजून मनगटावरून मिळत नाही. त्या एका आकड्यासाठी प्रो घ्यायचा का? दुखापतीतून परतताना एक पाय जपला जातोय का यावर लक्ष ठेवायचं असेल तर जरूर घ्यावा. एरवी मी ड्युअलवर थांबेन.

पोलारकडेही अशी एक गोष्ट आहे. त्यांच्या काही घड्याळांतली ऑर्थोस्टॅटिक चाचणी, म्हणजे आडवं पडून आणि मग उभं राहून दोन ठोक्यांमधल्या अंतराची तपासणी, छातीच्या पट्ट्याशिवाय होत नाही. तिच्यासाठी एच९ पुरेसा आहे.

पोहणाऱ्यांसाठी वेगळा हिशोब

पाण्यात २.४ गिगाहर्ट्झचा संकेत काही सेंटिमीटरमध्येच विरतो. पट्टा जलरोधक आहे म्हणजे पोहताना घड्याळावर नाडी दिसेल, असं अजिबात नाही. यावर गार्मिनने काढलेली वाट म्हणजे एचआरएम-प्रो पाण्यात नोंद स्वतःकडे साठवतो आणि पोहून झाल्यावर ती घड्याळाला देतो. अर्थात गार्मिनच्याच घड्याळाला. एच१० मध्येही एका सत्रापुरती साठवण आहे, पण ते सत्र पोलारच्या अ‍ॅपमधून सुरू करावं लागतं आणि नोंदही त्याच अ‍ॅपमध्ये उतरते. एच१० जुन्या पद्धतीचा ५ किलोहर्ट्झ संकेतही सोडतो. तो पाण्यातून जातो, आणि पोलारच्या जुन्या व्ही८०० ला पोहताना नाडी मिळते ती त्यामुळेच. नंतरच्या व्हँटेज मालिकेत ती सोय राहिली नाही. घड्याळ गार्मिनचं आणि पोहणं नियमित, असं असेल तर प्रो मालिका घ्यावी. ड्युअल इथे उपयोगाचा नाही.

जोडताना

जोडणी घड्याळाच्या सेन्सर मेनूतूनच करावी, फोनच्या ब्लूटूथ यादीतून नाही. अ‍ॅपल वॉचवर तो पर्याय घड्याळाच्याच सेटिंगमध्ये, ब्लूटूथखाली आरोग्य उपकरणांत असतो. पट्टा अंगावर नसेल किंवा इलेक्ट्रोड (पट्ट्याचे त्वचेला टेकणारे, संकेत टिपणारे भाग) कोरडे असतील तर सेन्सर जागाच होत नाही, मग यादी रिकामी दिसते आणि लोक बिचाऱ्या पट्ट्याला सदोष ठरवतात. पट्टा ओला करा, बांधा, फोनमधली सगळी व्यायामाची अ‍ॅप पूर्ण बंद करा आणि मग शोधा. ‘सापडत नाही’ची बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण कुठलं तरी अ‍ॅप गुपचूप जोडणी अडवून बसलेलं असतं. गार्मिनवर एकच पट्टा कधी दोनदा दिसतो, एकदा अँट प्लसचा आणि एकदा ब्लूटूथचा. तिथे अँट प्लसचाच जोडावा.

व्यायाम झाल्यावर सेन्सरची डबी पट्ट्यावरून काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर तशीच राहिली तर ती जागी राहते आणि बॅटरी संपवते. ड्युअल आणि टिकरमध्ये सीआर२०३२ लागते, एच९ आणि एच१० मध्ये सीआर२०२५. दुसरी थोडी पातळ असते, घाईत चुकीची आणली जाते.

मग कोणता?

कोरोस, सुंटो किंवा अ‍ॅपलचं घड्याळ असेल आणि सोबत एखादं अ‍ॅपही चालवायचं असेल तर एच१० किंवा टिकर. फक्त घड्याळावर नाडी हवी असेल तर एच९, आणि वाचलेल्या पैशांची खंत नको. गार्मिनवाल्याने पोहणं आणि पायाचा तोल सोडला तर चौघांपैकी जो छातीवर नीट बसेल तो घ्यावा. आणि जुना अँट प्लसचा पट्टा घरात असून नवं घड्याळ कोरोसचं येणार असेल, तर पट्ट्याचा खर्च घड्याळाच्या किमतीतच धरा. अँट प्लसचं ब्लूटूथमध्ये रूपांतर करणाऱ्या डब्या आहेत, पण धावताना सांभाळायला आणखी एक वस्तू आणि चार्ज करायला आणखी एक बॅटरी, हा व्याप मला पटत नाही.