मिरचीची शिळी रोपं गळ्यात मारतात, ट्रे वरून बघून घेऊ नका

पाऊस लांबला की सोलापूरकडे बुक केलेली रोपं लोक वेळेवर उचलत नाहीत. ट्रे रोपवाटिकेत पडून राहतात आणि मग तीच रोपं "चाळीस दिवसांची आहेत, आजच लावा" म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारली जातात. मोहोळ-बार्शी पट्ट्यात आम्हा काही मिरचीवाल्यांची यंदा अशीच फसवणूक झाली. रोपं दिसायला हिरवीगार, बुटकी, दणकट. लावल्यावर मात्र वाढ धरेनात. वीतभर झाडाला कळ्या लागल्या, फुटवा नाही, आणि ऊन तापलं की ठिबक चालू असूनही झाडं माना टाकायची.

प्रो-ट्रेतलं, म्हणजे कप्प्याकप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेतलं, मिरचीचं रोप साधारण 35 ते 45 दिवसांत लागणीला येतं. कप्प्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जेमतेम लिंबाएवढं. त्यापुढे रोप तिथंच राहिलं तर मुळं गोल फिरत बसतात, तपकिरी पडतात आणि जमिनीत गेल्यावरही त्या गोळ्याबाहेर पडत नाहीत. हे वय लपवायला शेंडा कातरतात, पिवळी पडलेली खालची पानं खुडतात आणि गाडी भरायच्या चार-पाच दिवस आधी नत्र सोडून हिरवेपणा आणतात. वाढरोधक मारून बुटकं ठेवलेलं रोप तर वरून ओळखूच येत नाही.

म्हणून ट्रेच्या मधलं एक रोप बुडाशी धरून गोळ्यासकट वर काढा. मुळं पांढरी असतील, गोळा अख्खा निघेल आणि बोटाने दाबल्यावर सुटेल, तर रोप चांगलं. तळाशी तपकिरी मुळांचं वेटोळं बसलंय आणि दाबूनही सुटत नाही, तर ट्रे परत करा. मग खोड बघा. बुडाशी खाकी, कडक झालेलं खोड, त्यावर पान खुडल्याचे व्रण आणि शेंड्याला वाळलेला काप दिसला, तर रोपवाल्याने सांगितलेल्या तारखेवर विश्वास ठेवू नका. पानंही उलटून बघा. कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे लागलेत, खाली वळल्या असतील तर कोळी कीड. पांढरी माशी उडाली तर ते रोप शेतात नेऊच नका, चुरडा-मुरड्याचा (पानं आकसण्याचा) विषाणू तिच्यामुळेच पसरतो.

मोजणीतही मारतात. 4 बाय दीड फुटावर एकरी 7260 रोपं लागतात, म्हणजे 104 कप्प्यांचे 70 ट्रे. पैसे त्याच हिशेबाने घेऊन 98 कप्प्यांचे ट्रे दिले की 420 रोपं कमी. मोकळे कप्पे आणि मर लागलेली रोपं त्यात धरलेलीच असतात. कप्पे नको, उभी रोपं मोजून घ्या.

वाणाची खात्री हवी असेल तर बियाणं स्वतः घेऊन रोपवाटिकेला द्या आणि रिकामी पाकिटं सांभाळा. पाकिटावरचा लॉट नंबर, वैधतेची तारीख आणि उगवण क्षमता वाचा. मिरचीच्या बियाण्याला किमान 60 टक्के उगवण लागते. घरी रोपं करणार असाल तर कोकोपीट गोड्या पाण्याने धुऊन घ्या. आपल्याकडची बोअरची पाणी बहुतेक क्षारयुक्त, त्यात भिजवलं की उगवणीलाच फटका. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका, ट्रे एकावर एक रचून झाका आणि सहाव्या-सातव्या दिवशी कोंब दिसताच पसरा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात.

पावती मागितली की "आपल्यात कशाला पावती" म्हणतात. तिथंच थांबा. वाण, लॉट नंबर, पेरणीची तारीख आणि संख्या लिहिलेली पक्की पावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. बियाणे कायदा 1966 च्या व्याख्येत रोपंही येतात, आणि बियाण्यात फसलेला शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलंय. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत प्लॉट मोडू नका आणि न लावलेला एखादा ट्रे तसाच ठेवा. झाडं उपटून टाकली की दाखवायला काहीच उरत नाही.