ट्रॉलीची पिन आणि जॅकचा रॉड: इंडक्शन, हार्ड क्रोम की नायट्रायडिंग?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत पार्ट कडक करायला घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "हार्डनेस किती पाहिजे?" आपणही "पंचावन्न" म्हणून मोकळे होतो. त्याआधी बघायला हवं ते हे, की तो पार्ट खराब कशानं होतो. घासून, चेपून, गंजून की वाकण्याचा ताण खाऊन खाऊन तुटून? डंपिंग ट्रॉलीचेच दोन पार्ट घेऊ.

बिजागरीची पिन. चिखल, धूळ, वर्षातून दोनदा ग्रीस, आणि सगळा भार एका जागी. इथं माझं मत सरळ इंडक्शनला, म्हणजे विजेच्या कॉइलनं फक्त वरची कातडी तापवून कडक करण्याला. ईएन-८ या नेहमीच्या पोलादात कार्बन साधारण ०.४ टक्के असतो. कॉइलमध्ये काही सेकंदांत वरची कातडी ८५०-९०० अंशांवर जाते, लगेच पाणी किंवा पॉलिमरच्या द्रावणात गार करायचं (हेच क्वेंच), आणि २-३ मिलिमीटर खोलीपर्यंत ५०-५५ एचआरसी (रॉकवेल मापातला कडकपणा) मिळतं. आतला गाभा चिवट राहतो. पिन अर्धा मिलिमीटर झिजली तरी खाली अजून कडक थर असतोच. मात्र माल खरंच ईएन-८ हवा. भंगारातला एमएसचा (कमी कार्बनच्या मऊ पोलादाचा) बार कॉइलमधून लाल होऊन येतो आणि मऊच राहतो. कानस मारून बघा. घसरली तर ठीक, लागली तर माल परत.

एक चूक मात्र माझीच. ग्रीसच्या भोकाची कड न मारता पिना पाठवल्या. धारदार कडेला उष्णता जास्त साठते आणि क्वेंचमध्ये तिथूनच तडा सुटतो. केसाएवढा होता, पण ग्राइंडिंगला बसल्यावर एकेका पिनेवर दिसायला लागला. अख्खी लॉट गेली.

त्याच पिनेवर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा मुलामा? आकडा मोठा दिसतो, ८५०-१००० विकर्स (हे कडकपणाचं दुसरं माप). पण थर २०-५० मायक्रॉनचा, आणि खाली मऊ पोलाद म्हणजे गादीवर फरशी बसवण्यासारखं. भार आला की गादी दबते, फरशी फुटते. शिवाय क्रोमच्या थरात मुळातच ओढीचा ताण आणि बारीक भेगा असतात, त्यामुळे उलटसुलट ताणाखालचा पार्ट लवकर थकतो.

जॅकच्या रॉडवर मात्र क्रोमला तोड नाही. सीलला गुळगुळीत, कडक, कमी घर्षणाचा पृष्ठभाग लागतो. खाली आधी इंडक्शन, मग ग्राइंडिंग, वर क्रोम, हे सगळ्यात पक्कं काम. दगड लागला तरी खड्डा सहज पडत नाही. फक्त कडक पोलादावर क्रोम चढवलं की १९०-२२० अंशांवर बेकिंग लगेच करून घ्या, नाहीतर प्लेटिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन पार्ट ठिसूळ करतो. प्लेटर निवडताना त्याच्या सांडपाण्याची सोयही बघा. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि आपली पंचगंगा आधीच पुरेशी सोसते.

नायट्रायडिंग तिसरंच प्रकरण. यात भट्टीत पोलादाच्या कातडीत नायट्रोजन मुरवतात. ५००-५३० अंश, क्वेंच नाही, त्यामुळे पार्ट फारसा वाकत नाही. थरात दाबाचा ताण राहतो, म्हणून थकव्याला पार्ट चांगला टिकतो. गिअर, डायचे पार्ट, बारीक टॉलरन्सचे शाफ्ट यांना हेच. पण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ थराला कित्येक तास भट्टीत जातात, आणि साध्या ईएन-८ वर गॅस नायट्रायडिंगचा खर्च वाया. नायट्राइड बनवणारं क्रोमियम, मॉलिब्डेनम, अ‍ॅल्युमिनियम त्यात नसतं. ही द्रव्यं असलेलं ईएन-१९ किंवा ईएन-४१बी पोलाद असेल तरच जा. ईएन-८ लाच काही करायचं असेल तर सॉल्ट बाथमधलं, म्हणजे वितळलेल्या क्षारांत बुडवून केलेलं, टफ्ट्रायडिंग बरं, गंजालाही थोडं आवरतं.

उसाचं गाळप संपलं की ट्रॉल्या पावसाळाभर उभ्याच असतात. जॅक पूर्ण बंद करून ठेवा. रॉड बाहेर राहिला की क्रोमच्या भेगांतून पाणी खाली जातं, टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे फोड येतात, आणि पुढच्या हंगामात पहिल्याच आठवड्यात सील कापलं जातं.