राइट अँगल व्ह्यूफाइंडर: तीन पावसाळे वापरल्यावर

आधीच सांगतो, कॅमेऱ्यातून वरून खाली बघायचं हे यंत्र कोणी फुकट पाठवलेलं नाही, स्वतःच्या पैशाने घेतलंय, आणि पहिल्यांदा घेताना फसलोयसुद्धा, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे निकॉन डी७२०० आहे आणि १०५ मिमीची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची. कॅमेरा उत्तम, तक्रार काही नाही, पण मागची स्क्रीन हलत नाही, जिथे आहे तिथेच फिक्स. आणि मला नाद कसला, तर जमिनीलगतच्या फुलांचा. कासला सप्टेंबरमध्ये गेलेल्यांना माहितीच असेल, वरून बघितलं की नुसते रंगांचे पट्टे दिसतात, पण तिथे जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ की बरीचशी झाडं वीतभरसुद्धा वाढत नाहीत. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, सगळी मंडळी घोट्याच्या खालीच. दवबिंदू तर बोटभर, आणि त्याच्या पानांवरचे चिकट थेंब चमकवायचे तर कॅमेरा त्याच्या लेव्हलला पाहिजे आणि सूर्य पलीकडे. म्हणजे तुम्ही पोटावर, हनुवटी चिखलात, मान मागे मोडलेली, चष्म्यावर वाफ, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी विचारणार, काका साप आहे का?

चाळिशी उलटल्यावर हे जमेना. लोक म्हणतात लाइव्ह व्ह्यू लाव की, म्हणजे डोळा न लावता स्क्रीनवरच चित्र बघ. अरे पण स्क्रीन मागच्या बाजूला आहे ना, कॅमेरा जमिनीवर ठेवला की स्क्रीनपण जमिनीलगतच, ती बघायला परत आडवंच व्हायचं. वर कासच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं.

तर राइट अँगल व्ह्यूफाइंडर म्हणजे काय, कॅमेऱ्याच्या आयपीसवर (डोळा लावायची मागची खिडकी) बसवायची एक छोटी नळी, आत प्रिझम, त्यामुळे मागून बघायच्या ऐवजी वरून खाली बघता येतं, विहिरीत वाकून बघतो तसं. मी आता गुडघ्यावर नाहीतर सरळ मांडी घालून बसतो, कॅमेरा खाली बीन बॅगवर (दाणे भरलेली छोटी उशी). यात बॅटरी नाही, सेटिंग नाही, कॅमेऱ्याला तर कळतही नाही की मागे काही लावलंय. ऑटोफोकस, उजेड मोजणारा मीटर सगळं नेहमीसारखं चालतं.

आता फसलो ते. पहिला मागवला ऑनलाइन, स्वस्तातला, कंपनीचं नाव लिहीत नाही, डब्यात प्लॅस्टिकच्या अडॅप्टरची अख्खी माळ, सगळ्या कॅमेऱ्यांना बसतो असं लिहिलेलं. बसला पण. म्हणजे घरी सोफ्यावर बसला. कासला पहिल्याच दिवशी कॅमेरा उभ्या फ्रेमसाठी वळवला आणि फाइंडर अलगद सटकून चिखलात. पुसून परत लावला, परत सटकला. शेवटी बायकोच्या पर्समधलं केसांचं रबर त्याला गुंडाळून दिवस काढला. चित्र मधे ठीकठाक, कडेला मात्र पाण्यात बघितल्यासारखं. परत करायची मुदत तोपर्यंत संपलेली, आणि ती चूक माझीच.

दुसरा घेतला निकॉनचाच डीआर-६, सेकंडहँड, ग्रुपमधल्या एका दादाकडून, तो मिररलेसवर (आत आरसा नसलेला नवा प्रकारचा कॅमेरा) गेला म्हणून. हा घट्ट बसतो. आधी आयपीसचं रबर काढायचं आणि मग खाचेत वरून खाली सरकवायचा. घेणाऱ्यांनी एक बघा, डीआर-६ हा चौकोनी आयपीसवाल्या बॉडीसाठी आहे, डी७००० डी७२०० वगैरे. डी८५०, डी५०० यांचं आयपीस गोल, त्यांना डीआर-५ लागतो, तो आट्यांनी फिरवून बसतो. कॅननवाल्यांसाठी अँगल फाइंडर सी, त्यात १.२५ आणि २.५ पट असे दोन टप्पे, निकॉनमध्ये १ आणि २ पट. नवीन आता सहज मिळत नाहीत, सेकंडहँडच शोधावा लागतो.

ते एक पट दोन पट काय प्रकरण आहे ते सांगतो कारण मला पहिल्या दिवशी वाटलं दोन पटच बेस्ट, कायम तेच ठेवू. नाही. दोन पटीवर फक्त मधला भाग दिसतो, कोपरे गायब, त्यामुळे फोटोत कडेला काय घुसलंय ते घरी आल्यावर कळतं. (माझ्या एका बऱ्यापैकी फोटोत कोपऱ्यात माझ्याच चपलेचा अंगठा आहे.) फ्रेम एक पटीवर लावायची, मग खटका फिरवून दोन पटीवर फोकस बघायचा, परत एकवर येऊन क्लिक. कटकट वाटते पण १:१ ला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी पडते इतकं जवळ), लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवूनसुद्धा, शार्प भाग एक मिलिमीटरपेक्षा कमी असतो हो, तिथे दोन पट मोठं दिसणं म्हणजे देवच. मी फोकस रिंगला हात लावतच नाही, श्वास रोखून अख्खा कॅमेरा केसभर पुढेमागे करतो आणि थेंब लखकन शार्प दिसला की दाबतो.

डायॉप्टर, म्हणजे आपल्या नजरेच्या नंबरप्रमाणे आतलं चित्र स्पष्ट करायची सोय! हे कोणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात फाइंडरमधून फोकस चुकतो. फाइंडरला स्वतःची फिरवायची रिंग असते. आधी नुसत्या कॅमेऱ्याचं डायॉप्टर आपल्या डोळ्याला लावून घ्या, मग फाइंडर बसवून त्याची रिंग फिरवा, आणि हे करताना फुलाकडे बघायचं नाही, आतला फोकस पॉइंटचा चौकोन आणि खालचे आकडे बघायचे, ते टोकदार दिसले की झालं. मी आधी फुलाकडे बघून लावत होतो आणि अख्खा एक दिवस वाया घालवला. आधीच्या स्वस्तातल्यात तर एकवरून दोन पटीवर गेलं की हे परत करावं लागायचं.

तोटे. अंधार. सगळ्यात मोठा तोटा हाच. लेन्स २.८ ची, म्हणजे भरपूर उजेड घेणारी असली तरी १:१ ला जवळ गेल्यावर दीडेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड तिथेच जातो, त्यात दोन पट मोठं केलं की उरलेला अजून पसरतो. कासच्या उन्हात काही वाटत नाही पण आंबोलीत जुलैच्या धुक्यात, झाडीत, काळं मांजर शोधल्यासारखं होतं. तिथे मी आंबोली टोडच्या मागे होतो, तोच तो २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला इवलासा भेक, जांभ्याच्या सड्यावर बसला की दगडच वाटतो. टॉर्च बाजूला धरल्याशिवाय फोकस दिसेना. आणि हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची खाच) फ्लॅश लावला तर वाकल्यावर कपाळ बरोबर फ्लॅशवर आपटतं, त्यामुळे फ्लॅश काढून हातात धरायला लागला, म्हणजे एक हात त्यात, एक कॅमेऱ्याला, आणि टॉर्च दातात. दृश्य काय असेल विचार करा.

दुसरं म्हणजे दिशा. चित्र उलटंसुलटं दिसत नाही, डावं डावीकडेच, वर वरच, पण कॅमेरा पुढे बघतोय आणि तुम्ही खाली, त्यामुळे आधी वस्तूच सापडत नाही. पहिला आठवडा आरशात बघून गाडी रिव्हर्स घेतल्यासारखा जातो. फुलं, अळंबी, स्वस्थ बसलेला बेडूक, यांना ठीक. फुलपाखरू, चतुर वगैरेंच्या मागे हे लावून धावू नका, तुम्ही शोधेपर्यंत ते पुढच्या गावात.

तिसरं, रिमोटने फोटो काढत असाल तर फाइंडरचं तोंड आभाळाकडे असतं हे विसरू नका. डोळा बाजूला केला की वरून उजेड थेट आत जातो, मीटर फसतो आणि फोटो काळपट. टोपी टाका त्यावर, नाहीतर मॅन्युअलवर काढा.

बरं, प्रामाणिकपणे, ट्रायपॉडवर असाल आणि वारा नसेल तर लाइव्ह व्ह्यू झूम करून केलेला फोकस यापेक्षा अचूक येतो, ते मान्य. पण कासला वारा नाही असा क्षण सांगा मला. फूल डोलत असताना फाइंडरमधून थेट दिसतं, स्क्रीनसारखं मागे रेंगाळत नाही, झुल्याच्या टोकाला फूल थांबलं की तेवढ्यात दाबता येतं, हे मला स्क्रीनवर कधीच जमलं नाही. आणि पायवाटेच्या कडेलाच बसून काम होतं, आडवं पडून दहा फुलं चिरडून अकराव्याचा फोटो काढायची वेळ येत नाही. लोक खरंच करतात तसं, बघितलंय.

कोणी घ्यावा? स्क्रीन फिक्स असलेला डीएसएलआर आहे, बदलायचा विचार नाही, आणि खालचंच काढता, तर नक्की. ज्यांच्याकडे डी५१०० सारखी बाहेर फिरणारी स्क्रीन आहे किंवा मिररलेस आहे त्यांनी पैसे वाचवा. टेलिस्कोपला कॅमेरा लावून आकाश बघणाऱ्या एका मित्राला मात्र माझ्याहून जास्त उपयोग झाला, दोन महिने परतच देत नव्हता.

बीन बॅगचं विचाराल म्हणून, जुन्या जीन्सच्या पायाची आईने शिवून दिलीय. आत मटकी भरली होती, आंबोलीत दोन दिवस भिजली, तिसऱ्या दिवशी घरी येऊन उघडली तर मस्त मोड आलेले. आता थर्माकोलचे मणी भरलेत.

सेकंडहँड घेताना दोनच गोष्टी बघा. फाइंडर उजेडाकडे धरून आतून बघा, प्रिझमवर जाळं दिसलं तर बुरशी आहे, सोडून द्या, आपल्याकडच्या पावसात ती वाढतच जाते (मी सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो). आणि समोरच्याला भेटाल तेव्हा स्वतःचा कॅमेरा न्या, लावून बघा, उभा आडवा करून हलवा. सटकला तर चहा पिऊन परत या.