कोपऱ्याचे खांब आणि सिमेंटची टोपी

वावराला तार कंपाउंड करायचं मनात असेल तर हे वाचा. आम्हाला चुना लावणारा ठेकेदार आता शेजारच्या तालुक्यात कामं घेतोय म्हणे.

रोही अन् रानडुकरं तूर-हरभरा हाती लागू देत नव्हती. म्हणून कुंपण करायचं ठरलं, दर रनिंग फुटाचा. कोपऱ्यांना ५० चा अँगल (म्हणजे इंग्रजी L आकाराचा लोखंडी खांब), तीन फूट खड्डा, काँक्रीट आणि दोन्ही बाजूंनी टेकू, असं बोलणं झालं. नमुन्याचा तुकडा ६ एमएमचा, चांगला जड होता. कोटेशनवर मात्र नुसतं '५० चा अँगल'. ५० ही L च्या एका पात्याची रुंदी झाली, एमएममध्ये. जाडीचा पत्ताच नाही, आणि खरी गोम तिथेच. माल आला ३ एमएमचा, वर रेड ऑक्साइडचे जाड हात मारलेला. आठ फुटी अँगल ६ एमएमचा असेल तर ११ किलोच्या आसपास भरतो, ३ एमएमचा साडेपाच. म्हणजे निम्मं लोखंड त्याच्या खिशात.

कोपऱ्यांचं काम त्याने बरोबर बाजाराच्या दिवशी उरकलं. संध्याकाळी पाहतो तर खांब उभे, बुडाशी घोटून गुळगुळीत केलेली सिमेंटची टोपी. "भाऊ, बैलजोडी बांधा, हलणार नाही!" हिशोब चुकता करून घेतला आणि गेला.

पावसाळ्यात खांब आत झुकले, तारा लोंबल्या, डुकरं खालून आरामात. एक खांब उकरला. टोपी चार बोटं जाड, तिच्याखाली सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा बोळा आणि भुसभुशीत माती. अँगल जेमतेम सव्वा फूट गाडलेला. टेकू एकच, तोही मातीवर नुसता टेकवलेला.

फोन केला तर म्हणे, काळ्या मातीत असंच होतं. अहो, काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणूनच तर खोल जायचं असतं! मधल्या खांबाला तार दोन्हीकडून ओढते, त्यामुळे ताण कटतो. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही तारा आतच खेचतात. त्यासाठी प्रत्येक तारेच्या रेषेत वेगळा टेकू लागतो आणि त्या टेकूच्या पायालाही काँक्रीट. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. नंतर फोन लागेनाच.

कोटेशनवर एमएम लिहून घ्या, नाहीतर सही करू नका. उतरवलेल्या मालातला कोणताही एक अँगल काट्यावर टाका. कोपऱ्यांचे खड्डे भरताना घरचं कोणीतरी धुऱ्यावर बसलेलं हवं. काँक्रीट पडण्याआधी खड्ड्यात टेप सोडून फोटो काढा. थोडी रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत हातची ठेवायची, हे आधीच बोलून घ्या. यावर जो कुरकुरेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

काम आधीच झालं असेल तर टोपीच्या कडेने खांबाच्या दिशेला तिरकी सब्बल घाला. फूटभर खाली काँक्रीटला न अडता ती सरळ आत गेली, तर उरलेला एक रुपयाही देऊ नका.