मल्टिफोकल लेन्स आणि नंतरचे तीन महिने: सोलापूरकरांसाठी परीक्षण

मोतीबिंदू काढून मल्टिफोकल लेन्स बसवली की चष्मा कायमचा सुटतो, असं सोलापुरात सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. ही लेन्स चष्मा सोडवते ती ठराविक अंतरांवर आणि पुरेशा उजेडात. ती अंतरं ज्याला ऑपरेशनआधी नीट समजावलेली असतात तो समाधानी असतो. ज्याला नसतात तो उत्तम ऑपरेशन होऊनही डॉक्टर बदलत राहतो. म्हणून या लेन्सची पारख नेत्रतपासणीच्या तक्त्यावर करण्यापेक्षा रोजच्या कामावर करावी, असं आमचं ठाम मत आहे.

साधी मोनोफोकल लेन्स सगळा उजेड एकाच अंतरासाठी वापरते, बहुधा लांबच्या. जवळचं वाचायला चाळीशी लागतेच. मल्टिफोकलच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक पायऱ्यांची वर्तुळं कोरलेली असतात आणि ती उजेडाची वाटणी करतात. पॅनऑप्टिक्स या ट्रायफोकल, म्हणजे लांब, मधलं आणि जवळ अशा तीन अंतरांच्या, लेन्सचं उदाहरण घ्या. 6 मिलिमीटरच्या भिंगात मधल्या 4.5 मिलिमीटरमध्ये ही वर्तुळं आहेत. बाहुली 3 मिलिमीटर असताना सुमारे 88 टक्के उजेड कामी येतो. त्यातला निम्मा लांबसाठी जातो, उरलेल्याचे दोन सारखे वाटे 60 सेंटिमीटर आणि 40 सेंटिमीटरसाठी. बाकीचा 12 टक्के इतस्ततः पसरतो. म्हणजे लांबचं चित्र निम्म्याहून कमी उजेडावर तयार होतं. भर दुपारी हे जाणवत नाही. तिन्हीसांजेला करड्या रस्त्यावरची करडी पायरी किंवा काळ्या कपड्यातला पादचारी पटकन उठून दिसत नाही, त्याचं कारण हेच. लेन्समध्ये दोष नसतो, रचनाच तशी आहे.

सगळ्या ट्रायफोकल सारख्या नाहीत. एटी लिसा ट्रायचं मधलं अंतर 80 सेंटिमीटरच्या आसपास येतं, पॅनऑप्टिक्सचं 60. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, कामावर मोठा आहे. नवी पेठेत दुकानाच्या गल्ल्यावर संगणकावर बिलं करणाऱ्याला 60 जास्त सोयीचं. गाडीचा डॅशबोर्ड किंवा फळीवरचा माल पाहणाऱ्याला 80 चालतं. विव्हिटीसारखी ईडॉफ, म्हणजे स्पष्ट दिसण्याचा पल्ला ताणून लांबवणारी, लेन्स वेगळ्या जातीची. तिच्यात ही वर्तुळं नाहीत, लांबचं आणि मधलं छान दिसतं, रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलयं मोनोफोकलच्या जवळपास राहतात, पण बारीक अक्षराला चष्मा लागतो. रात्री पुणे किंवा हैदराबाद महामार्गावर गाडी चालवणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याने ट्रायफोकलच्या नादी लागू नये. मोनोफोकल किंवा ईडॉफ घ्यावी, आणि वाचायचा चष्मा खिशात ठेवावा.

विडी वळणाऱ्या बायकांचं काम आम्हाला या लेन्ससाठी सर्वांत विचार करण्यासारखं वाटतं. मांडीवरच्या सुपातलं पान डोळ्यापासून साधारण अर्ध्या मीटरवर असतं, म्हणजे 40 आणि 60 च्या मध्ये. ट्रायफोकलमध्ये या दोन अंतरांच्या मध्येही नजर बऱ्यापैकी टिकते, त्यामुळे पान कापणं, वळणं, दोरा बांधणं जमतं. अडचण अंतराची नसून घरातल्या अंधाराची असते. कोपऱ्यात बसून काम करणाऱ्या मावशींना लेन्सपेक्षा आधी 9 वॅटचा एलईडी बल्ब हवा, खांद्याच्या मागून सुपावर पडेल असा. उजेड वाढला की बाहुली आकसते आणि अक्षर, धागा, पान सगळंच ठळक होतं. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्यालाही हाच नियम. शिवाय तंबाखूची भुकटी आणि मागावरची रुई पहिल्या काही आठवड्यांत डोळ्यांची वैरी आहे. कामावर कधी परतायचं हे डॉक्टरांकडून तारखेनिशी विचारून घ्या.

ऑपरेशन 2.2 ते 2.8 मिलिमीटरच्या छेदातून होतं, टाका सहसा लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच लख्ख दिसेल अशी अपेक्षा असते. पहिल्या दिवशी बुबुळाला थोडी सूज असते आणि औषधाने बाहुली मोठी झालेली असते. मोठ्या बाहुलीत वलयंही मोठी दिसतात. तेव्हा पहिल्या आठवड्यात लेन्सबद्दल मत बनवू नका. पांढरा रंग निळसर वाटेल. जुन्या पिवळ्या पडलेल्या भिंगाची सवय मोडायला वेळ लागतो, एवढंच. कानशिलाच्या बाजूला काळी कोर दिसली तर बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मावळते.

थेंबांमध्ये लोक सर्वांत जास्त चुकतात. दोन औषधांच्या मध्ये किमान पाच मिनिटं ठेवा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबा. स्टेरॉइडचे थेंब साधारण चार ते सहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. डोक्यावरून अंघोळ, काजळ, चुलीचा धूर हे डॉक्टर सांगतील तोपर्यंत बंद. दुचाकीवर बसताना बाजूने झाकणारा गॉगल हवाच, इथली धूळ आणि एप्रिल-मेमधला 40 च्या वरचा पारा लक्षात घेता त्यात तडजोड नको. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली, विशेषतः पहिल्या आठवड्यात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. विजा चमकल्यासारखं, अचानक खूप काळे ठिपके किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं तरी तसंच.

अंतराची सवय मुद्दाम लावावी लागते. शिवणाच्या टेपने नाकापासून 40 सेंटिमीटर मोजा. वर्तमानपत्र तिथे धरा आणि अक्षर सर्वांत काळं दिसेपर्यंत दोन-तीन बोटं पुढे-मागे करा. जुनी सवय कागद लांब नेण्याची असते, म्हणून लोक तो गरजेपेक्षा लांब धरतात आणि बारीक अक्षर वाचता येत नाही म्हणून तक्रार करतात. रोज पंधरा-वीस मिनिटं, आधी मोठे मथळे, मग मजकूर, मग पोथी. एक डोळा झाकून पुन्हापुन्हा तुलना करत बसू नका. मेंदू दोन्ही डोळे मिळून शिकतो, आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू बाकी असेल तर तोल खरा दुसरं ऑपरेशन झाल्यावरच येतो.

रात्रीच्या दिव्यांभोवतीची वलयं हा या लेन्सचा सर्वांत मोठा तोटा आहे आणि विक्रीच्या वेळी त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आकाशपाळण्याच्या प्रत्येक बल्बभोवती कडी दिसली तर घाबरू नका. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत त्यांचा त्रास वाटेनासा होतो. कडी असते, मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. तोवर रात्री गाडी चालवणं टाळा, आणि चालवावीच लागली तर समोरची काच आतून-बाहेरून पुसलेली असू द्या, कारण काचेवरचा धुळीचा थर झगझगाट कितीतरी वाढवतो.

मात्र सगळ्या तक्रारी सवयीच्या खात्यावर टाकू नयेत. नजर कमी-जास्त होते, पापण्या मिटल्या की क्षणभर सुधारते, तर डोळा कोरडा आहे. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूथेंब आणि पापण्यांची स्वच्छता यांनी बरीच तक्रार जाते. चार-सहा आठवड्यांनी मधोमध धूसर झालं किंवा दाराची चौकट वाकडी दिसली तर डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज असू शकते, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी, करून घ्या. नंबर अर्धा-पाऊण उरला तरी ही लेन्स कुरकुरते, मोनोफोकल तेवढं खपवून घेते. म्हणूनच ऑपरेशनआधी बुबुळाचा तिरका नंबर पाऊण किंवा त्याहून जास्त असेल तर तो भरून काढणारा टोरिक प्रकार मागायला हवा.

चष्म्याच्या दुकानांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. काही मल्टिफोकल आणि ईडॉफ लेन्समध्ये ऑटोरिफ्रॅक्टर, म्हणजे नंबर काढणारं यंत्र, मायनसकडे झुकलेला आकडा दाखवतो. तो तसाच उतरवून चष्मा दिला की गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं. आधी प्लस नंबर चढवून नजर मुद्दाम धूसर करा, मग पाव-पाव नंबरने खाली या, आणि अक्षर स्पष्ट झालं की तिथेच थांबा. तपासणी चार ते सहा आठवड्यांनंतरच करा. सुईत दोरा ओवायला किंवा औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला +1.00 चा साधा चष्मा लागला तर तो लेन्सचा पराभव समजू नका.

काचबिंदूने नस खराब झालेली, मधुमेहाने किंवा वयाने पडद्याचा मध्यभाग बिघडलेला, बुबुळ वेडंवाकडं, अशा डोळ्यांत मल्टिफोकल टाळलेलीच बरी. आधीच कमी झालेल्या नजरेचे आणखी वाटे करण्यात अर्थ नाही. पडद्याचा ओसीटी न करता कोणी ही लेन्स सुचवत असेल तर तो करून द्या म्हणून आग्रह धरा.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी अनेकांच्या लेन्समागचं आवरण गढूळ होतं, तेव्हा यॅग लेसरने त्यात झरोका पाडतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पण पहिल्या दिवसापासूनच नजर नापसंत असेल तर यॅगची घाई करू नका. आवरणाला एकदा भोक पडलं की लेन्स बदलणं अवघड आणि धोक्याचं होतं. आधी कोरडेपणा, नंबर, पडदा हे तिन्ही तपासा, लेन्सच बदलायची का हे ठरवा, आणि मगच लेसर.

पैशांचं बोलायचं तर अनेक विमा पॉलिसींमध्ये मोतीबिंदूसाठी प्रति डोळा ठराविक मर्यादा असते आणि मल्टिफोकलचा वरचा खर्च खिशातून जातो. मंजुरीचं पत्र आधी मागा. बिलावर लेन्सचं मॉडेल लिहून घ्या. डब्यातल्या स्टिकरवर मॉडेल, पॉवर आणि अनुक्रमांक असतो, तो चिकटवलेलं कार्ड दवाखान्यातून निघतानाच मागून घ्या आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे यॅग करायचं असो, दुसरा डोळा असो की मुलाबाळांकडे पुण्या-मुंबईला गेल्यावर तपासणी, प्रत्येक डॉक्टर पहिल्यांदा हेच कार्ड मागतो.