ट्रेड कॅल्क्युलेटरचं सबस्क्रिप्शन: पैसे वसूल, पण अर्धेच

आमची बारा जणांची डायनॅस्टी लीग आहे, म्हणजे एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल) खेळाडूंवर चालणारी, वर्षानुवर्षं चालू राहणारी फँटसी लीग. सगळे जळगावच्या इंजिनिअरिंगचे. निम्मे आता न्यू जर्सी आणि टेक्ससला, दोघं-तिघं पुण्यात, मी चोपड्यात बसून अमेरिकेच्या क्लायंटचं काम करतो. लीग स्लीपर ॲपवर चालते. ते फुकट आहे, पुढच्या वर्षांचे पिकसुद्धा (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायची पाळी) ट्रेड करता येतात, नवखी पोरं टॅक्सी स्क्वॉडमध्ये, म्हणजे वेगळ्या राखीव यादीत ठेवता येतात. त्याबद्दल काही म्हणणं नाही. हा रिव्ह्यू मी पैसे भरून घेतलेल्या ट्रेड कॅल्क्युलेटरचा, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल बरोबरीची आहे का ते सांगणाऱ्या ॲपचा. नाव लिहीत नाही, कारण असे बरेच आहेत आणि जे लिहितोय ते बहुतेकांना लागू पडेल.

ज्यांनी फक्त ड्रीम इलेव्हन खेळलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे टीम रोज नवी होत नाही. एनएफएलचे खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतात, दरवर्षी फक्त रूकींचा, म्हणजे नव्याने आलेल्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो; त्यात सगळ्यात खालची टीम आधी निवडते, वरची शेवटी. त्यामुळे कायमचा घोळ एकच. यंदाची ट्रॉफी मारायची की दोन वर्षांनी टीम तगडी करायची?

कॅल्क्युलेटर उघडला की दोन रकाने दिसतात. डावीकडे तुम्ही देताय तो, उजवीकडे मिळतोय तो, प्रत्येकासमोर त्याच्या किमतीचे पॉइंट्स आणि खाली एक पट्टी. पट्टी हिरवी झाली की ट्रेड बरोबरीचा. दिसायला झकास, मोबाईलवरही भराभर चालतो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे व्हॉट्सॲपवरची भांडणं कमी झाली. आधी एखादा ‘तुझा हा दे, माझे दोन घे’ म्हणायचा आणि तासभर वाद. आता स्क्रीनशॉट टाकला की विषय संपला.

पण हाच स्क्रीनशॉट गोत्यात आणतो. 2024 च्या सीझनआधी मी पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक देऊन डेरिक हेन्री घ्यायला निघालो. वय तीस. पट्टी लालभडक. हेन्रीसारखे रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) सत्तावीस-अठ्ठावीसनंतर उतरतात हे खरंच आहे, आणि कॅल्क्युलेटर ते आकड्यात चोख मांडतो. त्याला एवढंच कळत नाही की माझी टीम तेव्हा लीगमधल्या पहिल्या तिघांत होती. तगड्या टीमचा पहिला पिक म्हणजे दहावा, अकरावा, फार तर बारावा. माझ्या पिकची किंमत मात्र तो मधल्या पिकच्या भावाने धरत होता. मी ट्रेड केला. हेन्रीने त्या सीझनला 1,921 यार्ड काढले, मी फायनलला हरलो आणि दिलेला पिक निघाला अकरावा. परत करीन का? डोळे झाकून.

उलट उदाहरण त्याच वर्षीचं. आमच्यातल्या एकाने पहिल्या राउंडचे दोन पिक देऊन ख्रिश्चन मॅकॅफ्री हा रनिंग बॅक घेतला. तो जखमी, सीझनभरात फक्त चार मॅच खेळला. तिथे पट्टी हिरवीगार होती!

आमच्याकडे केळीत मुख्य झाडाची निसवण झाली (घड बाहेर पडला) की वडील बुडाशी एकच पील राखतात, बाकीचे विळ्याने उडवतात. पील लवकर वाढू दिलं तर चालू घड बारीक राहतो, उशीर केला तर पिलबाग, म्हणजे पिलाचं पुढचं पीक लांबतं. कधी राखायचं हे ते बाग बघून ठरवतात. कॅल्क्युलेटरला बाग दिसत नाही, फक्त बाजारभाव दिसतो.

खऱ्या एनएफएलमध्येही असंच. लॉस एंजेलिस रॅम्सने 2021 मध्ये डेट्रॉइटच्या मॅथ्यू स्टॅफर्ड या क्वार्टरबॅकसाठी (पास फेकणारा मुख्य खेळाडू) आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, दोन पहिल्या राउंडचे पिक आणि एक तिसऱ्या राउंडचा डेट्रॉइटला दिला. फेब्रुवारी 2022 मध्ये रॅम्सने सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल जिंकली. पुढच्याच सीझनला पाच विजय, बारा पराभव, आणि त्यामुळे वर आलेला त्यांचा सहाव्या नंबरचा पिक त्या ट्रेडमध्ये गेला डेट्रॉइटला. डेट्रॉइटने तो देऊन खाली सरकत बाराव्यावर जमीर गिब्स हा रनिंग बॅक उचलला. मला विचाराल तर दोघांचंही जमलं. कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं तर एकजण नक्की मूर्ख ठरेल.

खटकलेलं आणखी एक: तरुण खेळाडूंना फारच चढा भाव. एकही मॅच न खेळलेला बावीस वर्षांचा रिसीव्हर (पास झेलणारा) आणि दर आठवड्याला पॉइंट्स देणारा तिशीतला रिसीव्हर, यात तो पहिल्याला झुकतं माप देतो. सगळ्यात खालच्या टीमने हे जरूर ऐकावं, विकायला म्हातारे खेळाडू असतील तर सीझन सुरू व्हायच्या आत विकावेत. पण प्लेऑफच्या तोंडावर असाल तर सरळ दुर्लक्ष करा. रविवारच्या मॅच आपल्याकडे सीझनच्या सुरुवातीला रात्री साडेदहाला सुरू होतात, शेवटची सोमवारी पहाटे सहाच्या जरा आधी; नोव्हेंबरपासून सगळं आणखी तासभर उशिरा. वडील गोठ्याकडे निघताना म्हणतात, “आते तरी जप रे भाऊ” (आता तरी झोप). एवढं जागरण तीन वर्षांनंतरच्या टीमसाठी कोण करतो?

पैसे डॉलरमध्ये कटतात, कार्डाचा भुर्दंड वेगळा. पाचपैकी तीन. वर्षाचा प्लॅन घेऊ नका. एप्रिलच्या शेवटी एनएफएल ड्राफ्ट होतो, त्यानंतर आमचा रूकी ड्राफ्ट होईपर्यंत भाव रोज हलतात. तेवढ्यापुरता एक महिना घ्या, रिन्यूअल लगेच बंद करा, आणि ऑक्टोबरमध्ये फुकटवाल्यावर भागवा.